"टीचर, उत्तर काय यायला हवं?"

या आठवड्याचं पत्र नवी मुंबईतल्या घणसोलीहून आलंय, थोडं कापून देतेय.

"मॅडम, मी सातवीला विज्ञान शिकवते, सेमी इंग्लिश. नोकरीचं तिसरं वर्ष. वर्गात ५४ मुलं. वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत, निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण प्रयोग करायला दिला की पहिला प्रश्न असतो, टीचर, उत्तर काय यायला हवं? मागच्या महिन्यात मूग लावायला सांगितले होते, एक कप खिडकीत, एक कपाटात, कशात वाढ जास्त होते ते बघा. ५३ जणांनी लिहिलं उजेडातलं रोप जास्त वाढलं. एकाने लिहिलं अंधारातलं उंच झालं, १९ सेंमी, आणि उजेडातलं ११. मला वाटलं याने कपांची अदलाबदल केली नाहीतर मनाने लिहिलं. लाल फुली मारली, वर्ग हसला. नंतर चैन पडेना म्हणून घरी स्वतः लावून बघितलं तर त्याचंच खरं निघालं. तेव्हापासून तो तासाला तोंड उघडत नाही. त्याचं काय करू? आणि ही पद्धत मुलांना शिकवायची तरी कशी? लॅब नाही, ३५ मिनिटांचा पिरियड, पोर्शन डोक्यावर."

तुला तू म्हणते हं, चालेल ना, माझ्या शेवटच्या बॅचमधल्या मुलींच्या वयाची असशील, मी ठाण्यात ३१ वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झाले.

आधी त्या मुलाचं बघू, बाकी सगळं नंतर. उद्या शाळेत गेलीस की पहिल्या पाच मिनिटांत कर, सोमवारवर ढकलू नकोस. फुली सगळ्यांसमोर मारली होतीस ना, मग दुरुस्तीपण सगळ्यांसमोर व्हायला हवी, स्टाफरूममध्ये बोलावून सॉरी बेटा म्हणून काही होणार नाही कारण हसला होता वर्ग. त्याला आधी बाजूला घेऊन विचार की तुझी वही वर्गाला दाखवली तर चालेल का, हो म्हणाला तर वही हातात घे आणि सरळ सांग की मी नीट न बघता फुली मारली, मला शंका होती, मग मी घरी दोन कप लावले, इतक्या दिवसांनी मोजले आणि याचं बरोबर निघालं. तुझे स्वतःचे आकडे फळ्यावर लिही, तारखेसकट. घरचे कप अजून टाकले नसशील तर ते घेऊनच जा, पिशवीत उभे राहतील असे.

उद्याच का म्हणते त्याला कारण आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सातवीला पाणी उकळून तापमान घ्यायचा प्रयोग होता. सहा थर्मामीटर, सहा गट. कुणाचं ९८ आलं, कुणाचं ९९, एकाचं १०१, आणि एका गटातली मुलगी म्हणाली, बाई आमचं ९७ वरच थांबलंय, पाणी खळखळतंय पण पुढे सरकतच नाही. मी काय सांगितलं असेल? सगळ्यांनी १०० लिहा. तिने खोडरबरने ९७ खोडलं आणि १०० लिहिलं, ते खोडणं मला अजून दिसतं. ठाणं समुद्रसपाटीला लागून, तेव्हा उंचीमुळे पाणी लवकर उकळतं असंही म्हणायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी तेच थर्मामीटर मी वितळत्या बर्फात घालून तपासले, पाच जण शून्याच्या आसपास आले आणि सहावा शून्याच्या खाली तीन अंशांवर जाऊन थांबला. म्हणजे तिने अगदी बरोबर वाचलं होतं, थर्मामीटरच तीनने कमी दाखवत होता, आणि मी तिथेच जरा थांबून "का बरं येत असेल असं, बर्फात घालून बघूया का" एवढं म्हटलं असतं तर त्या वर्गाला साधन तपासणं म्हणजे काय ते एका पिरियडमध्ये कळलं असतं. पण तोवर ती मुलगी शाळा बदलून गेली होती, तिला सांगायचं राहून गेलं. तुझा मुलगा अजून तुझ्यासमोर बसतोय.

आता एक गोष्ट, जी बहुतेक तुझ्याच लक्षात आली नाहीये. तुला त्या मुलाचा संशय आला, संशयाची दोन कारणंपण तू मनात मांडलीस, अदलाबदल किंवा मनाने लिहिलं, आणि मग तू संशयावर न थांबता मूग भिजत घातलेस, वाट बघितलीस, मोजलंस आणि आपलं मत बदललंस. तू विचारतेस ना ही पद्धत शिकवायची कशी, ती तू घरच्या ओट्यावर करून मोकळी झालीस, फक्त मुलांना दिसली नाही. मुलांनी मोठ्या माणसाला, त्यातून टीचरला, समोर जे आलं त्यामुळे मत बदलताना जवळजवळ कधी बघितलेलंच नसतं गं. घरी बाबांचं बरोबर असतं, शाळेत पुस्तकाचं. म्हणून उद्याची पाच मिनिटं माफी तर आहेतच पण वैज्ञानिक पद्धतीचा पहिला धडापण तोच आहे.

बाकीच्या ५३ जणांना मात्र खोटारडे म्हणू नकोस, चुकूनही नको. त्यांच्यात काही जणांनी मूग लावलेच नसतील, काहींचे वाळले असतील, आईने कप टाकून दिला असेल. पण काहींनी प्रामाणिकपणे बघूनच लिहिलं असेल, कारण तू विचारलं होतंस कशात "वाढ" जास्त झाली. आता वाढ म्हणजे काय? उंची? पानं? जाडी? एका बाजूला हिरवंगार, टवटवीत रोप आणि दुसऱ्या बाजूला पिवळं, लुकडं, मान वाकलेलं, तर पोरगं म्हणणारच की हिरवं जास्त वाढलं. तुझा एकटा मुलगा पट्टी घेऊन बसला आणि त्याने सेंटीमीटर लिहिले. म्हणजे खोट प्रश्नातही होती, आणि हे वर्गात मोकळेपणाने बोल, की मी प्रश्नच सैल विचारला होता. काय मोजायचं हे ठरवल्याशिवाय प्रयोग सुरूच होत नाही हे त्यांना इथे आपोआप कळेल.

कारण तुला माहीत असेलच, तरी लिहिते. बी मातीखाली असतं तेव्हा कोंबाला काहीही करून लवकर वर उजेडात पोचायचं असतं, म्हणून अंधारात रोप दाण्यातली सगळी शिदोरी लांब होण्यावर खर्च करतं. खोड लांबच लांब आणि पांढरट, टोक आकड्यासारखं वाकलेलं, पानं छोटी, पिवळी, मिटलेली, हिरवा रंग बनवायच्या भानगडीतच पडत नाही. उजेड लागला की लांब होणं आवरतं, पानं उघडतात, हिरवी होतात आणि रोप स्वतःचं अन्न स्वतः करायला लागतं. अंधारातलं मात्र शिदोरी संपली की आडवं होतं, आणि गंमत म्हणजे ती उंच रोपं पूर्ण वाळवून वजन केलं तर जेवढे कोरडे दाणे लावले त्यांच्यापेक्षा वजन कमीच भरतं, कारण नुसतं खाल्लं, बनवलं काहीच नाही. म्हणजे "वनस्पतीच्या वाढीला सूर्यप्रकाश लागतो" हे पुस्तकातलं वाक्यही खरं आणि १९ सेंमीपण खरे.

पण हे कारण उद्या सांगू नकोस! जिभेवर येईल, आपल्या लोकांना सांगायची सवय असते, तरी गिळून टाक. उद्या फक्त विचार, असं का झालं असेल? मुलं काहीही बोलतील, कपाटात गरम असतं, अंधारात झोप चांगली लागते, कपाटात डांबराच्या गोळ्या असतात त्याचा परिणाम. सगळं फळ्यावर लिहून घे, कशालाही हसायचं नाही हा नियम. आणि बघ, "कपाटात गरम असतं" ही शंका किती खरी आहे. खिडकी आणि कपाट यांच्यात फरक फक्त उजेडाचा नाहीये, उष्णतेचा आहे, वाऱ्याचा आहे, आणि खिडकीतला कापूस लवकर सुकतो म्हणजे पाण्याचापण आहे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर उंची कशामुळे वाढली ते कळणार कसं? इथे मुलं स्वतःच म्हणतील की टीचर दोन्ही कप एकाच जागी ठेवायला पाहिजेत, एकावर खोका उलटा घालू. असं कुणीतरी म्हणेलच, नसेल म्हणत तर "मग काय करूया" एवढंच परत परत विचार.

आणि मग तोच प्रयोग वर्गात पुन्हा लाव. सहा-सहा मुलांचे नऊ गट, प्रत्येक गटाला चहाचे दोन कागदी कप, कापूस, एकाच पुडीतले रात्रभर भिजवलेले मूग, प्रत्येक कपात दहा. म्हणजे उजेडात ९० आणि अंधारात ९० दाणे. बुटांचे खोके मुलं घरून आणतील. सगळं वर्गातल्याच खिडकीपाशी, पण थेट ऊन येईल तिथे नको नाहीतर खोका आतून तापतो. पाणी रोज दोन चमचे, दोन्हीकडे सारखं. पावसाळ्यात करत असशील तर पाणी कमी कर, आपल्याकडच्या दमट हवेत कापसावर बुरशी धरते, सगळ्या गटांना एकदम कमी कर म्हणजे झालं.

लावायच्या आधी एक पूर्ण पिरियड नुसत्या भांडणाला ठेव, मी खरंच सांगते, माझ्या वर्गात सगळ्यात जास्त विज्ञान याच पिरियडमध्ये झालं. उंची कुठून कुठपर्यंत मोजायची? कापसापासून की मुळापासून? टोक वाकलेलं असेल तर सरळ करून मोजायचं की वाकलेलंच? (दोरा लावून मोजायची आयडिया मुलंच काढतात.) दहातला एक दाणा उगवलाच नाही तर तो शून्य धरायचा की सोडून द्यायचा? यात बरोबर उत्तर एकच असं नाही, पण जे काय ठरेल ते कप उघडून बघायच्या आधी ठरवायचं आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं, कारण एकदा आकडे दिसले की आपल्याला हवं ते उत्तर येईल असा नियम शोधायचा मोह होतो, मुलांना होतो आणि मोठ्यांनाही. आणि प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, "मला वाटतं की अमुक होईल, कारण तमुक", पेनाने, पेन्सिलने नाही. अंदाज चुकला तर मार्क जाणार नाहीत हे दहादा सांग, पहिल्या नऊ वेळा त्यांचा विश्वास बसत नाही.

शनिवार-रविवारचं काय? शाळा बंद. रीडिंगचे ते दोन रकाने रिकामे ठेवायचे, सोमवारी अंदाजाने भरायचे नाहीत. ही एवढीशी गोष्ट आहे पण मुलांना फार जड जाते, रिकामा रकाना म्हणजे अपूर्ण वही, अपूर्ण वही म्हणजे शेरा. तू तपासताना रिकाम्या रकान्याखाली "सुट्टी, मोजलं नाही" असं लिहिलेलं दिसलं तर तिथे मुद्दाम बरोबरची खूण कर. पुढच्या वेळी जर्नलमध्ये काय बदल होतो बघ.

आठ-नऊ दिवसांनी सगळी उंची फळ्यावर आली की एक छान गोष्ट दिसेल. अंधारातली रोपं एकंदरीत उंच, पण उजेडातलं एखादं अंधारातल्या एखाद्या खुरट्यापेक्षा उंच निघतंच. तेव्हा विचार, समजा आपण एकच एक दाणा लावला असता आणि नेमके हे दोघे आले असते तर आपण काय लिहिलं असतं? जास्त दाणे का लावायचे, सरासरी का काढायची, यासाठी वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही. सरासरी त्यांना गणितात येतेच, इथे तिचा उपयोग कळतो.

कारणाकडे यायचं ते यानंतर. आणि तिथेपण घाई नको, एखादा गट म्हणाला की आता अंधारातला कप उजेडात ठेवून बघूया, तर करू दे, दोन-तीन दिवसांत पिवळी पानं हिरवी व्हायला लागतात आणि मग वर्गात जो कल्ला होतो तो शेजारच्या वर्गापर्यंत जातो.

आता पायऱ्यांबद्दल. पाठ आहेत तर असू देत, वाईट काही नाही, परीक्षेत दोन मार्कांना येतात. फक्त त्या पायऱ्या एकापाठोपाठ एक अशाच घडतात हा समज मुलांच्या डोक्यात राहायला नको. प्रयोगातून नवाच प्रश्न निघतो, कुणीतरी हरकत घेतं, परत मागे जावं लागतं. मी यासाठी रेदीची गोष्ट सांगायचे. इटलीतला फ्रान्चेस्को रेदी, १६६८ सालची गोष्ट. तेव्हा लोकांना वाटायचं की सडलेल्या मांसातून अळ्या आपोआप तयार होतात. रेदीने काही बरण्यांत मांस ठेवून त्या उघड्या ठेवल्या, काही घट्ट बंद केल्या. उघड्यात अळ्या, बंदमध्ये नाहीत. झालं, सिद्ध झालं? इथे थांबून वर्गाला विचार, तुम्हाला रेदीशी भांडायचं असेल तर काय म्हणाल? दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, बाई बंद बरणीत हवा कुठे गेली, हवा नसली की अळ्या होणारच नाहीत. अगदी हीच हरकत येणार होती, म्हणून रेदीने तिसरा प्रकार केला, बरणीच्या तोंडाला बारीक जाळीदार कापड बांधलं. हवा आत, माश्या बाहेर. मांसावर अळ्या झाल्या नाहीत, माश्या कापडावर येऊन बसल्या आणि अंडी तिथेच घातली. सातवीच्या मुलाने काढलेली हरकत साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसालापण महत्त्वाची वाटली होती हे कळल्यावर त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

गृहीतक, चल, नियंत्रित हे शब्द नंतर येऊ देत. आधी "अंदाज", "बदलायचं ते एकच, बाकी सगळं सेम" आणि "तुलनेला ठेवलेला कप" एवढ्यावर भागतं. घरी जी मराठी बोलतात, आगरी असेल, मालवणी असेल, तिच्यात बोलू दे. सेमीच्या मुलांना हायपोथिसिसचं स्पेलिंग येतं पण तुझा स्वतःचा सांग म्हटलं की गप्प.

पिरियड ३५ मिनिटांचा आहे म्हणतेस, त्यात बसणारापण एक देते. बर्फ आणि शाल. घरून थर्मासमध्ये एकाच ट्रेचे बर्फाचे खडे ने, सारख्या आकाराचे. दोन स्टीलच्या वाट्या, एकीतला खडा उघडा, दुसरी वाटी लोकरी शालीत किंवा मोज्यात पूर्ण गुंडाळलेली. हात वर करून मत घे, कुठला आधी वितळेल? अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणेल शालीतला, कारण शाल गरम असते. वीस मिनिटं दुसरं काहीतरी शिकव, मग उघड. शालीतला खडा मोठा राहिलेला असतो आणि वर्ग गोंधळून जातो. शाल गरम नसते गं, ती उष्णता इकडची तिकडे जाऊ देत नाही, आपण आत असलो तर आपली बाहेर जात नाही, बर्फ आत असला तर बाहेरची आत येत नाही. पण हेही लगेच सांगू नकोस. आधी विचार, मासे विकणाऱ्या मावशी बर्फावर गोणपाट का टाकतात? तुमच्याकडे कोळीवाड्यातली चार पोरं वर्गात असणारच, त्यांनी हे रोज बघितलेलं असतं, तासाला एरवी मागे बसणारं पोरगं त्या दिवशी पुढे येऊन सांगतं. गोणपाट, लाकडाचा भुसा, थर्मोकोल, वर्तमानपत्र, कशात बर्फ जास्त टिकतो हा मग पुढचा प्रयोग, तो त्यांचा त्यांना सुचतो.

आणि खाडीवर राहतेस तर भरती-ओहोटीचं नक्की कर, मला स्वतःला हा सगळ्यात आवडतो. कोळी-आगरी घरातल्या कुठल्याही आजोबांना भरती किती वाजता विचारलं तर ते तिथी विचारतात आणि तिची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वा अकरा. दिवसा आणि रात्री दोन्हीकडे साधारण तीच वेळ. आता याच्याइतकं सुंदर गृहीतक पुस्तकात कुठे आहे सांग, नियम साधा आहे, तो अमुक दिवशी अमुक वाजता असं ठाम काहीतरी सांगतो, आणि खरं-खोटं बघता येतं. मुलांनी एक पूर्ण पंधरवडा भिंतीवरच्या कॅलेंडरमधून तिथी लिहायची, शेजारी पाऊणपट करून वेळ, आणि तिसऱ्या रकान्यात पेपरात किंवा मोबाईलवर मिळणारी मुंबईची भरतीची वेळ. फरक मिनिटांत काढायचा. ज्यांच्या घरचं कुणी खाडीवर जातं त्यांनी मोठ्यांबरोबर जाऊन प्रत्यक्ष पाणी बघून वेळ आणायची, एकट्याने चिखलात उतरायचं नाही हे मात्र सक्त सांग.

फरक येणारच, आणि तो का येतो हे शोधण्यात मजा आहे. एक तर समुद्राकडची वेळ आणि आपल्या खाडीतली वेळ सारखी नसते, पाण्याला आत यायला वेळ लागतो. दुसरं, भरतीची तीच वेळ परत यायला पंधरा तिथी लागतात, तेवढ्यात ती बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला बारा भागिले पंधरा, ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. रोजची तीन मिनिटं, पंधरा दिवसांत पाऊण तास. एखादी हुशार मुलगी हेही पकडेल की नियमाप्रमाणे पौर्णिमेला सव्वा अकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, म्हणजे एकदम दीड तासाची उडी, पाणी असं उडी मारतं का? तिला विचार तूच नियम सुधारून दाखव. आजोबांना चूक ठरवायचं नाहीये हं यात, होडीत बसून तोंडी करायचा हिशोब आहे तो, आणि त्या कामाला पुरतो. किती अचूक हवं हे कशासाठी हवंय त्यावर ठरतं, हेपण मुलांना कळू दे. शिवाय इथे आपण काहीच बदलू शकत नाही, चंद्राला थांबवता येत नाही, फक्त बघायचं आणि नोंदवायचं, तरी ते विज्ञानच आहे. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो ओहोटीला चिखलात खायला उतरतात आणि भरतीला दुसरीकडे जाऊन बसतात, त्यांची मोजदाद करणारेही असंच काम करतात.

या सगळ्याचा अजून एक फायदा म्हणजे घणसोलीच्या खाडीत परवा तुझ्या वर्गातल्या मुलाला पाणी कधी दिसलं हे मोबाईलवर सापडत नाही, त्यामुळे "उत्तर काय यायला हवं" हा प्रश्न विचारून उपयोगच नसतो. प्रदर्शनातल्या खाण्याच्या सोड्याच्या ज्वालामुखीचं याच्या उलट असतं, सगळ्यांना शेवट माहीत, थर्मोकोलचा डोंगर बाबांनी केलेला. तोच करायचा असेल तर निदान सोडा एक चमचा, दोन चमचे, तीन चमचे असा बदलून फेस किती वर येतो ते मोजायला लाव.

पोर्शनचं खरं आहे, मी त्यातून गेलेय. महिन्याला एक असा प्रयोग, जास्त नको. वर्षाला आठ होतात, पुष्कळ झाले. मूग वनस्पतींच्या धड्यात बसतात, बर्फ उष्णतेच्या धड्यात, ते धडे तसेही घ्यायचे असतातच. मार्कांचं मी असं करायचे की दहापैकी निष्कर्षाला एकच मार्क ठेवायचा, बाकीचे नऊ अंदाज कारणासकट लिहिला का, एकच गोष्ट बदलली का, रीडिंग तारखेसह आणि जसं दिसलं तसं आहे का, आणि आता पुढे काय बघावंसं वाटतं, यावर वाटायचे. रीडिंगला सगळ्यात जास्त. मुख्याध्यापकांना आधी दाखवून सही घे म्हणजे पालकसभेत अडचण नाही. पालक म्हणतील याचा परीक्षेत काय उपयोग, सहावीचे पालक तर होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या क्लासचे पैसे भरून बसलेले असतात, त्यांना सांग की त्या स्पर्धेतपण पुढच्या टप्प्याला मुलाने स्वतः केलेला प्रकल्प मागतात.

आणि हे आपल्यासारख्या साध्या शाळांत होत नाही असं कुणी म्हणालं तर होशंगाबादचं सांग. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली, आपल्या मुंबईतल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही त्यात होते. तिथे लॅब वगैरे काही नाही, साधं किट, मुलं टोळीने बसून करायची आणि आपापली उत्तरं वहीत लिहायची, परीक्षेला पुस्तक उघडून बसायची परवानगी आणि शिवाय प्रात्यक्षिक. २००२ मध्ये सरकारने बंद केलं ते, तरी तीस वर्षं चाललं, खेड्यापाड्यातल्या शाळांत. तुझ्यापासून तर वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, मुलं विज्ञान कसं शिकतात हाच त्यांचा अभ्यासाचा विषय, एकदा जाऊन ये, शिक्षिका म्हणून काय मदत मिळते विचार.

तो मुलगा लगेच बोलायला लागेल अशी अपेक्षा ठेवू नकोस, वर्ग हसलेला विसरायला वेळ लागतो. त्याला पुढे उभं करून भाषण वगैरे द्यायला लावू नकोस. नवीन प्रयोगात दोरा लावून उंची कशी मोजायची हे बाकीच्या गटांना दाखवायचं काम त्याला दे, हातात पट्टी असली की बोलावं लागत नाही. आणि त्याच्या वहीतली ती फुली खोडू नकोस, व्हाइटनरपण लावू नकोस, तशीच राहू दे. तिच्या शेजारी बरोबरची खूण कर, खाली तुझ्या घरच्या दोन कपांची उंची लिही, सेंटीमीटरमध्ये, मग उद्याची तारीख आणि तुझी सही.